पलटणीचे माहेर आणि सासर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "या वर्षी मी लष्करावर बोलते." त्या हसल्या. गेल्या वर्षी मी उन्हाळी वाळवणांवर बोलले होते, तेव्हा त्यांचे हसणे मी समजू शकते. परंतु आज या सभागृहात बसलेल्यांपैकी चार-पाच जणींचा मुलगा, नातू किंवा जावई वर्दीत आहे. त्यांपैकी एकीला मी परवा विचारले, "नातू कोठे असतो?" त्या म्हणाल्या, "छप्पन एपीओले असते."

आपल्या गावाला पत्त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. चांदूरपुढे 'रेल्वे' लिहिले नाही तर पत्र चांदूर बाजार पाहून येते. पण सैनिकाच्या पत्त्यात गावच नसते. नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' हे ५६ काही गाव नव्हे. दिल्लीच्या लष्करी टपालघरातून जाणाऱ्या पत्रांचा तो आकडा आहे. पूर्वेकडे कलकत्त्याहून जाणाऱ्यांना ९९ असतो. मुलगा बर्फात आहे की वाळवंटात, हे पाकिटावरून शत्रूला कळू नये म्हणून ही योजना. शत्रूला कळत नाही हे ठीकच. पण आईलाही कळत नाही. मात्र गाव सोडून बाकीचे पुष्कळसे त्या पत्त्यात असते. ते कसे वाचावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मला स्वतःला हे शिकावेसे वाटले त्याला एक फजिती कारण झाली. १९७१ सालचा ऑक्टोबर महिना. लढाई होणार असे सगळे बोलत होते आणि आपल्या स्टेशनावरून नागपूरकडे लष्करी गाड्या जात होत्या. माझा मोठा भाऊ, दादा, मराठा पलटणीत होता आणि आधीच पूर्वेकडे गेला होता. एका संध्याकाळी स्टेशनातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की पहाटेच्या गाडीत एक कंपनी आहे, गाडी सिग्नलला थोडी थांबेल. आळीतल्या बायकांनी चहा न्यावयाचे ठरविले. माझ्या आईने विचारले, "कंपनी म्हंजे किती मानसं असतीन वो?" कोणाला माहीत! कोणी म्हणाले पंधरा, कोणी म्हणाले वीस. आम्ही तीन किटल्या भरून घेतल्या आणि पुष्कळ झाला अशा समजुतीने फलाटावर उभ्या राहिलो.

गाडी थांबली. डब्यांच्या खिडक्यांतून माणसेच माणसे. ती निघाली एकशेवीसच्या आसपास. आईचा चेहरा मला अजून आठवतो. पाहुण्यांची पंगत बसावी आणि भात कमी पडावा, तसा. इतक्यात एक वयस्क हवालदार खाली उतरले. त्यांनी किटल्यांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि डब्याकडे तोंड करून दोनच शब्द ओरडले. तिघे जण धावत आले, एकेक किटली घेऊन गेले. त्या तिघांपुढे आत आणखी तीन-तीन जण मोठे मग घेऊन उभे होते. प्रत्येकाने आपला वाटा घेतला आणि आपल्या दहा माणसांत नेला. सिग्नल पडायच्या आत किटल्या विसळून परत आल्या. "माताजी, सबको मिल गया," हवालदार म्हणाले. दोन-दोन घोटच असतील. पण एकशेवीसांतला एकही सुटला नव्हता आणि एकालाही दोनदा मिळाला नव्हता. लष्कराची रचना म्हणजे काय हे त्या पाच मिनिटांत मी पाहिले. त्याची नावे तेवढी नंतर कळली.

ते मग घेऊन उभे होते ते सेक्शनचे प्रमुख. सेक्शन म्हणजे सुमारे दहा माणसे, नाईक किंवा हवालदार यांच्या हाताखालची. हा लष्करातला सर्वांत लहान संसार. ही दहा माणसे एकत्र जेवतात, एकत्र झोपतात आणि एकमेकांच्या घोरण्याचा आवाजही ओळखतात. तीन सेक्शन मिळून एक प्लाटून. तिच्यावर सुभेदार, नायब सुभेदार किंवा नुकताच मिसरूड फुटलेला एखादा लेफ्टनंट. किटली घेऊन गेले ते या प्लाटूनचे. तीन प्लाटूनांची एक कंपनी, तिच्यावर मेजर. आणि ए, बी, सी, डी अशा चार कंपन्या, शिवाय उखळी तोफांची माणसे, स्वयंपाकी, डॉक्टर, बिनतारी संदेशवाले, कारकून हे सर्व मिळून बटालियन. आपण जिला पलटण म्हणतो ती हीच. सुमारे आठशे माणसे, वर एक कर्नल; दादाच्या वेळी लेफ्टनंट कर्नल असे.

यात आपल्याला परके असे काही नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पायदळाची मांडणी दिली आहे: दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. नाईक आणि हवालदार हे शब्द आजही जसेच्या तसे चालू आहेत. दहाचा हा आकडा कोणी हौसेने ठरविलेला नसावा. धुमश्चक्रीत, अंधारात, एक माणूस ओरडून जितक्यांना सांभाळू शकेल तितकेच ते आहेत.

सेक्शनच्या प्रमुखाला केवढा भार वाहावा लागतो, यासाठी एकच नाव घेते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. दहा जणांच्या त्या संसारात घाडगे सोडून सर्व जण मेले किंवा जखमी होऊन पडले. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली, आणि तेथेच दुसऱ्या गोळीने पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची पलटण होती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी. ही तिसरी पलटण लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

आता सर्वांत घोटाळ्याचा शब्द: रेजिमेंट. 'मराठा रेजिमेंट लढली' असे आपण म्हणतो. वास्तविक सबंध रेजिमेंट कधी एका ठिकाणी लढतच नाही. मला हे कळायला फार दिवस लागले आणि शेवटी आपल्याच भाषेत कळले. रेजिमेंट हे पलटणीचे माहेर आणि ब्रिगेड हे तिचे सासर.

माहेरी ती वाढते. तिचे नाव, कुळाचार, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही तिची युद्धघोषणा, सारे माहेरचे. मराठा रेजिमेंटचे माहेर बेळगाव. रंगरूट तेथेच शिकून तयार होतात. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावलाच उभी राहिली आणि दुसरी आपल्या जवळच्या कामठीला. आज तिचे माहेर मध्य प्रदेशात सागरला आहे. पण लढायला पलटण एकटी जात नाही. तिला एखाद्या ब्रिगेडमध्ये दिले जाते. तेथे साधारण तीन पलटणी असतात, आणि त्या बहुधा तीन वेगळ्या घरांतून आलेल्या. एक मराठा, एक गुरखा, एक पंजाब. जावाच म्हणा ना. प्रत्येकीची बोली निराळी, चूल निराळी. पण घर एक आणि त्याचा कारभारी ब्रिगेडियर. दोन-तीन वर्षांनी पलटण एका ब्रिगेडमधून दुसरीत जाते. सासर बदलते, माहेर बदलत नाही. आपल्यापेक्षा तेवढी सोय त्यांना अधिक!

अशा तीन ब्रिगेडी एकत्र केल्या, त्यांना तोफखाना, पूल बांधणारे इंजिनियर, दवाखाने, मोटारी, टपाल, रेशन जोडले की डिव्हिजन झाली. पंधरा हजारांहून अधिक माणसांचे, आपल्या पायांवर उभे राहू शकेल असे खटले. त्यावर मेजर जनरल. दोन-तीन डिव्हिजनांची एक कोअर, आणि कोअरांच्या वर कमांड. सध्या अशा सात कमांड आहेत, त्यांतली एक केवळ प्रशिक्षणाची. आपल्या महाराष्ट्रातली दक्षिण कमांड पुण्याला आहे.

माहेर-सासरचे एक जुने उदाहरण सांगते. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन इराकमध्ये गेली होती. तीत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, आणि तिघी तीन वेगवेगळ्या ब्रिगेडींत. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कुत या गावी डिव्हिजनला वेढले. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो परत आले नाहीत. त्या काळी या पलटणींतल्या माणसांच्या घरी काय कळले असेल, आणि किती दिवसांनी, याचा विचार मी टाळते.

कारभारी, जावा, चूल हे मी गमतीने बोलले. परंतु ही ओळख नसली म्हणजे काय होते ते आपल्या देशाने १९६२ मध्ये पाहिले आहे. मी तेव्हा शाळेत होते. मुलींनी बांगड्या दिल्या, बायकांनी मंगळसूत्रातले सोने दिले. पण लढाई सोन्यावाचून हरली नाही. नेफात, आज जो अरुणाचल प्रदेश आहे तेथे, चौथी डिव्हिजन होती. हीच ती डिव्हिजन, जी १९४१ मध्ये केरनला आणि १९४४ मध्ये कॅसिनोला लढून नावाजली होती. पण १९६२ च्या शरदात तिचे नाव तेवढे जुने उरले होते. तिच्या ब्रिगेडी विखुरल्या होत्या. तिच्यावर चौथी कोअर बसविली ती ऑक्टोबरात, लढाईच्या तोंडावर. नामका चू नावाच्या ओढ्यावर ब्रिगेडियर दळवींची सातवी ब्रिगेड उभी करण्यात आली. तिच्यातल्या पलटणी घाईघाईने जमविलेल्या होत्या, अंगावर थंडीचे पुरेसे कपडे नव्हते आणि तोफांचा आधार नावापुरता. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दळवी स्वतः कैद झाले. जवान शौर्यात उणे पडले असे कोणीही म्हणत नाही. कित्येक जागच्या जागी लढून मेले. पण लग्नाच्या दिवशी सकाळी चार अनोळखी बायका गोळा कराव्या आणि दुपारी हजार पानांची पंगत उठवा म्हणावे, तसे ते झाले. माझ्या मते दोष बोलावणाऱ्यांचा होता.

तोच आकडा तीन वर्षांनी पुन्हा वाचा. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर. तीच चौथी डिव्हिजन, आता पहाडी डिव्हिजन म्हणून नव्याने बांधलेली, मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या हाताखाली. तिच्यात नामका चूवर असलेली चार ग्रेनेडियर्स ही पलटणही होती. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या शेतांत आणि पाण्याने चिखल झालेल्या जमिनीत ओढून घेऊन या डिव्हिजनने आणि आपल्या रणगाड्यांनी मोडून काढले. परमवीर अब्दुल हमीद याच चार ग्रेनेडियर्सचे. मधल्या तीन वर्षांत घडले ते एवढेच की माणसांना एकत्र राहण्याला, एकत्र सराव करण्याला वेळ मिळाला. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री झाले, त्या काळातले हे काम आहे. म्हणूनच २०२२ पासून चार वर्षांसाठी मुले भरती होऊ लागली तेव्हा माझ्या मनात पहिली शंका ही आली की चवथ्या वर्षी कोठे घोरण्याचा आवाज ओळखू लागतो आणि चौघांतल्या तिघांना घरी यावे लागते. जाणत्यांनी विचार केला असेल. मी आपली शंका सांगितली.

आता पुन्हा १९७१. डिसेंबरात लढाई सुरू झाली. वर्तमानपत्रात ब्रिगेड, डिव्हिजन असे शब्द येत. आई मला मोठ्याने वाचायला लावी आणि प्रत्येक शब्दाला विचारी, "याच्यात आहे का आपला पोरगा?" मला उत्तर देता येत नसे. चितगाव, जेसोर, मेघना, प्रत्येक नावाला ती देवापाशी दिवा लावी. दादाच्या पत्रावर त्याची पलटण स्वच्छ लिहिलेली होती, एक मराठा, जंगी पलटण. आम्हांला ती वाचता येत नव्हती एवढेच.

नंतर कळले ते असे. पूर्वेला तीन कोअर तीन बाजूंनी बांगलादेशात शिरल्या. चौथी बाजू उत्तरेची, मेघालयाकडची. तेथे कोअर नव्हतीच. तेथे होते १०१ कम्युनिकेशन झोन, म्हणजे मुळात रस्ते, रसद आणि सामान पाहणारे मुख्यालय. त्यालाच ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांची ९५ वी पहाडी ब्रिगेड देऊन पुढे जाण्यास सांगितले. कोठीघराच्या बाईनेच मांडव सांभाळावा, तसे. सुरुवातीलाच त्याचे मेजर जनरल गिल सुरुंगाने जखमी झाले आणि त्यांच्या जागी मेजर जनरल नागरा आले. तरी काम थांबले नाही, कारण या वेळी तयारीला महिने मिळाले होते आणि कारभारी बदलला तरी घर ठाऊक होते.

दादाची पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली आणि शत्रूची परतीची वाट तिने अडविली. १० डिसेंबरच्या रात्री जमालपुरातले पाकिस्तानी सैन्य ती वाट फोडायला आले. पहाटेपर्यंत चाललेल्या त्या लढाईबद्दल दादा कधी फारसे बोलला नाही. "लय अंधार होता," एवढेच म्हणे. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, त्यांच्या पुढे टांगाईलजवळ आकाशातून छत्रीधारी पलटण उतरली. तिचे नाव दोन पॅरा. आणि दादाचे लोक जाऊन तिला मिळाले तेव्हा दोन्हीकडून मराठीत हाका ऐकू आल्या, असे मात्र तो आनंदाने सांगे. कारण दोन पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा. यशवंत घाडग्यांची पलटण तीच. आणि त्याहून मागे गेले तर तीच कुतची ११०, आणि दादाची पलटण म्हणजे कुतची १०३. तेथे त्या एका डिव्हिजनमध्ये दोन सासरी उपाशी राहिल्या होत्या. पंचावन्न वर्षांनी टांगाईलच्या रस्त्यावर त्या माहेरवाशिणी पुन्हा भेटल्या. १६ डिसेंबरला दोन पॅरा डाक्क्यात शिरली. दादा जानेवारीत सुखरूप आला, दाढी वाढवून. आईने त्याला आधी न्हायला घातले आणि मग मिठी मारली.

लढणारे एवढेच नव्हेत. आपल्या रुळांवरून धामणगावच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की पुलगाव. तेथला दारूगोळ्याचा मध्यवर्ती डेपो देशातला सर्वांत मोठा समजला जातो. भंडारा, भद्रावती, वरणगाव अशा ठिकाणच्या कारखान्यांतला माल आणि डिव्हिजनच्या तोफा यांच्यामध्ये अशी कोठारे असतात. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग लागली. दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अग्निशामक व सुरक्षा दलाचे जवान मृत्युमुखी पडले. ते सीमेवर नव्हते. आपल्यापासून गाडीने तासाच्या आत होते. आणि मुलींसाठी इतकेच सांगते की पायदळ आजही स्त्रियांना खुले नाही. पण २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर रसद, संदेश, इंजिनियर अशा शाखांतील युनिटांवर स्त्रिया कर्नल म्हणून बसल्या आहेत.

आता कामाची गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय घेतला.

शेजारच्या तालुक्यात एक बाई होत्या. १९८० च्या आसपास त्यांचे यजमान नोकरीत असतानाच वारले. ब्रिगेडच्या साहेबांचे फार चांगले सांत्वनाचे पत्र आले होते. ते पत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आणि पेन्शनसाठी तेच घेऊन त्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिल्या. एका कचेरीत त्यांना सांगितले, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. दोन वर्षे गेली. चूक केवळ एवढी की त्या सासरचे पत्र घेऊन फिरत होत्या. ब्रिगेडजवळ माणसाचा कायमचा कागद नसतो. तो माहेरी, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. मराठ्यांचा बेळगावला, महारांचा सागरला. भरती झाल्यापासून मरेपर्यंतची नोंद तेथे, घरच्या कोणाला कळवायचे ते नाव तेथे, हक्काचा वारस तेथे. वाईट बातमी घरी येते तीही तेथूनच. आणि तेथे माणूस नावाने सापडत नाही, कारण एकाच नावाचे पाटील आणि इंगळे शेकड्यांनी असतात. तो नंबराने सापडतो.

तेव्हा येत्या शुक्रवारी दुपारी तीनला मी मंडळाच्या ओट्यावर वही घेऊन बसणार आहे. ज्यांच्या घरी कोणी फौजेत आहे किंवा होते, त्यांनी यावे. नंबर, पलटण, रेकॉर्ड ऑफिस आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे आपण प्रत्येकीचे लिहून काढू. लग्न झाल्यावर मुलाने आईच्या जागी बायकोचे नाव लावले की नाही, हेही विचारून या. यावरून घरात रुसवा झाला तरी चालेल. ज्यांचे काही अडले असेल त्यांच्याबरोबर मी अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येईन. येताना जुनी पत्रे आणा, पाकिटासकट. आत काय लिहिले आहे ते मी वाचणार नाही. मला फक्त पाठीमागचा पत्ता हवा आहे.